खडकी वसविणाऱ्याच्या मायदेशातील पंगत

गुलमंडीत दुपारी दीड-दोनच्या सुमारास गिऱ्हाईक थोडे ओसरते. पैठण गेटकडून टिळक पथाने येणारी गर्दी विरळ होते, सुपारी हनुमानाच्या मंदिराजवळचा गलका काहीसा निवतो आणि दुकानादुकानांतून डबे उघडले जातात. कापडाच्या जुन्या दुकानांत अजूनही गादीवर वर्तमानपत्र पसरून मालक, हिशेबनीस आणि ठाण उलगडून दाखविणारा नोकर असे तिघेचौघे एकत्र बसलेले दिसतात. प्रत्येकाचा डबा वेगळा असतो. परंतु पहिला घास घेण्यापूर्वी झाकणातून काहीतरी इकडून तिकडे जातेच. मेथीची भाजी पलीकडे जाते, कैरीचे लोणचे अलीकडे येते. ज्या दुकानाचा मालक घरी जेवावयास जातो आणि नोकर मागच्या गोदामात पाठ फिरवून जेवतो, त्या दुकानाविषयी बाजारात कोणी उघड बोलत नाही. पण ते सर्वांच्या ध्यानात असते.

ज्या शहरात हे डबे उघडतात, ते शहर वसविणारा पुरुष आफ्रिकेतून आला होता, ही गोष्ट येथील व्यापारी कुटुंबांतील नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. मलिक अंबर हा इथिओपियाचा, म्हणजे त्या काळच्या हबसाणाचा. सोळाव्या शतकाच्या मध्याला, सुमारे १५४८ साली, त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादच्या वाटेने अखेर दख्खनमध्ये पोहोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखानही मूळचा हबशीच होता. पुढे इ. स. १६०० पासून १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाहीचा कारभार वस्तुतः अंबरच्याच हाती होता. १६१० साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. उत्तरेकडील डोंगरातील भूगर्भातले पाणी खापराच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच. जमीन मोजून आणि तिचा कस पाहून ठरविलेला ‘मलिकंबरी धारा’ महसुलाच्या इतिहासात त्याच्याच नावाने राहिला. मुघलांवरील विजयाचे स्मारक म्हणून उभा केलेला भडकल दरवाजा शहरात आजही उभा आहे. खडकीचे पुढे फत्तेनगर झाले, औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या सर्व नावांच्या तळाशी एका हबशी कारभाऱ्याने आखलेले गाव आहे.

म्हणून आफ्रिकेतील लोक कसे जेवतात, हा विषय गुलमंडीला वाटतो तितका दूरचा नाही. अर्थात आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे. पन्नासहून अधिक राष्ट्रे आणि शेकडो भाषा असलेल्या त्या खंडाविषयी ‘आफ्रिकन लोक असे जेवतात’ असे एका वाक्यात म्हणणे हे काश्मीर ते कन्याकुमारी सर्वत्र इडली खातात असे म्हणण्यासारखे होईल. तरीही एक सूत्र तेथील बऱ्याच प्रदेशांत आढळते : अन्न हे एकट्याचे नसते.

इथिओपियापासूनच आरंभ करावा. तेथे टेफ नावाचे, खसखशीएवढ्या दाण्याचे एक धान्य पिकते. त्याचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवितात आणि मातीच्या मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजून हातभर रुंदीची, जाळीदार, आपल्या आंबोळीच्या जातीची पोळी करतात. तिचे नाव इंजेरा. ही पोळी एका मोठ्या थाळीत पसरायची, तिच्यावरच निरनिराळ्या डाळी-भाज्यांचे ढीग घालायचे आणि विणलेल्या उंच टोपलीवर ती थाळी ठेवून चार-सहा जणांनी भोवती बसायचे. यजमान प्रथम प्रत्येकाच्या हातावर झारीने पाणी घालतो. नंतर उजव्या हाताने आपल्यासमोरचा तुकडा तोडून भाजी उचलायची. वेगळे ताट नाही, वाटी नाही, चमचा नाही. जेवण रंगात आले की एकजण चांगलासा घास करून दुसऱ्याच्या मुखात घालतो. त्यास ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे लग्नात वधूवर एकमेकांना घास भरवितात आणि छायाचित्रकार तो क्षण तीन वेळा करावयास लावतो. इथिओपियात मात्र सासरा जावयाला, मित्र मित्राला, यजमानीण परक्या पाहुण्याला हा घास देते, आणि तो नाकारणे हे दिलेला हात झिडकारण्यासारखे मानले जाते.

येथे जैन वाचकाच्या मनात शंका उद्भवणे स्वाभाविक आहे. एकाच थाळीत अनेकांचे हात म्हणजे उष्टे. आंबविलेले पीठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे. आणि भाज्यांत कांदा तर मुबलक. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याच थाळीची दुसरी बाजू पाहिली तर एखाद्या श्रावकास आश्चर्य वाटेल. इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्ती संप्रदायात उपवासाचे दिवस वर्षातून १८० हून अधिक भरतात. दर बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे सलग ५५ दिवस श्रद्धावान मनुष्य मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी कशालाही स्पर्श करीत नाही. अनेकजण दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्यामुळे त्या देशातील साध्यात साध्या खाणावळीतही उपवासाची थाळी मिळते आणि ती पूर्णतः निरामिष असते. त्या थाळीतील ‘शिरो’ हा पदार्थ तर हरभऱ्याच्या वा तत्सम कडधान्याच्या पिठाचा, मसाला घालून शिजविलेला. मराठी माणूस पाहताक्षणी म्हणेल, हे तर पिठले! एकाच वेळी इतका मोठा समाज आठवड्यातून दोन दिवस संयमाने आणि तेही एका थाळीभोवती बसून जेवतो, असे उदाहरण जगात फार नाही.

जेवणानंतरची कॉफीही एकट्याने पिण्याची नाही. कॉफीचे मूळ घर इथिओपियाच. घरातील स्त्री निखाऱ्यावर हिरव्या बिया भाजते, त्यांचा धूर भोवती बसलेल्यांपुढे फिरविते, मग कुटून मातीच्या सुरईत उकळते. कॉफी तीनदा होते. अबोल, तोना आणि बरका ही त्या तीन फेऱ्यांची नावे. तिसऱ्या फेरीचा अर्थ आशीर्वाद. सोबत बहुधा मक्याच्या लाह्या असतात. या सर्वाला तास-दीड तास सहज लागतो आणि शेजारच्या घरी निरोप गेल्याशिवाय भांडे चढत नाही. गल्लीतील भांडणे, मुलीची स्थळे, कोणाचे दुखणे-खुपणे यांची वार्ता या तीन पेल्यांत सांगितली जाते.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकास याहून रोचक वाटेल ती त्या समाजाची दुसरी व्यवस्था. इथिओपियात ‘इकुब’ नावाची पद्धत आहे. ठरावीक लोकांनी ठरावीक दिवशी ठरावीक रक्कम जमवायची आणि पाळीपाळीने ती एकेकास द्यायची. गुलमंडीतील कोणाही व्यापाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. ही आपली भिशी. तिच्या जोडीला ‘इद्दिर’ नावाची मंडळे असतात. सभासद दरमहा थोडी वर्गणी भरतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला की मंडळाचा तंबू, बाके, मोठी पातेली आणि ताटे त्या घरी येतात, सभासदांच्या घरच्या स्त्रिया स्वयंपाक करून आणतात, आणि सांत्वनास येणाऱ्या सर्वांना त्या घरी दिवसचे दिवस जेवण मिळते. शोकग्रस्त घरातील कोणी उठावे लागत नाही. कोण आले, कोण आले नाही याची नोंद होते आणि विनाकारण न येणाऱ्यास काही मंडळे दंडही करतात.

मराठी घरांतही मृत्यूनंतर चूल पेटत नाही. शेजारी वा आप्त पिठले-भात करून आणतात आणि ‘दोन घास खा’ म्हणून बसून राहतात. जुन्या जैन पंचायतींकडे लग्नकार्यासाठी मोठाली भांडी असत आणि गरीब-श्रीमंत दोघेही तीच भांडी नेत. ती अनेक ठिकाणी आता कुलुपात आहेत किंवा मोडीत निघाली, कारण केटररकडे सारेच असते. त्या भांड्यांवर कोरलेली देणगीदाराची नावे हा एका परीने समाजाचा ताळेबंद होता.

परंतु मृत्यूनंतरचे अन्न हे नेहमीच सांत्वन असते असेही नाही. घाना आणि दक्षिण आफ्रिका या देशांत अंत्यविधीला येणाऱ्या शेकडो लोकांना जेवू घालण्याच्या रिवाजापायी कुटुंबे कर्जात बुडतात आणि त्याविरुद्ध तेथे सतत चर्चा चालते. आपल्याकडे राजस्थानातून आलेल्या समाजांनी हा अनुभव घेतलाच आहे. मृत्युभोजाच्या खर्चाने उद्ध्वस्त झालेली घरे पाहून तेथील सुधारकांनी दीर्घ काळ लढा दिला आणि राजस्थान सरकारला १९६० साली मृत्युभोज प्रतिबंधक कायदा करावा लागला. शेजाऱ्याने आणलेला भात आणि शेजाऱ्याला घालावे लागणारे तेरावे, यांत अन्न तेच असले तरी नाते उलटे होते.

पश्चिम आफ्रिकेकडे वळले की सुपारीचा भाऊ भेटतो. नायजेरियातील इग्बो समाजात पाहुणा आला की प्रथम कोला नावाचे कडवट फळबीज पुढे केले जाते. ते केवळ तोंडात टाकण्यासाठी नसते. यजमान ते दाखवितो, ते एका हातातून दुसऱ्या हातात फिरते, उपस्थितांतील ज्येष्ठ पुरुष प्रार्थना म्हणतो, मग ते फोडून सर्वांना वाटले जाते, आणि त्यानंतरच कामाच्या गोष्टीला आरंभ होतो. बी फुटल्यावर किती पाकळ्या निघतात हेही पाहतात. चार निघाल्या तर शुभ, कारण इग्बो आठवडा चार दिवसांचा आणि ते चारही दिवस बाजाराचे : एके, ओरिए, आफो, न्कोवो. व्यापारी समाजाने आपले पंचांगच बाजारावर बसवावे याचे व्यापारी वाचकास कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीत हा विधी येतो. तेथे तर उसने दिलेले पैसे मागावयास आलेला मनुष्यही आधी कोला स्वीकारतो आणि मग बाकीची गोष्ट काढतो. वसुलीला गेलेल्यास आपल्याकडेही आधी पाणी आणि गूळ पुढे येत असे. गूळ खाल्ल्यावर आवाज चढविणे अवघड जाते, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून असत. विड्याची सुपारी फुटली की सोयरीक ठरली, हा संकेत तर आजही चालतो.

सेनेगलमध्ये आतिथ्यास ‘तेरांगा’ हा शब्द आहे आणि तो देश त्या शब्दाचा अभिमान बाळगतो. जमिनीवर चटई, चटईवर एक मोठे तसराळे, त्यात भात. प्रत्येकाने आपल्यासमोरचा भागच खायचा, दुसऱ्याच्या बाजूस हात न्यावयाचा नाही. मधोमध ठेवलेले निवडक जिन्नस घरधनीण मोडून मोडून पाहुण्यांच्या बाजूस सारत राहते. अवचित कोणी आले तर सर्वजण थोडे सरकतात, आणखी ताट मांडण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचा प्रमुख पदार्थ भात आणि मासे यांचा असल्याने तो आपल्या आहारात बसणारा नाही; २०२१ मध्ये युनेस्कोने तो मानवी सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला, तेव्हा पाककृतीइतकेच महत्त्व ती भोवती बसून खाण्याच्या रीतीला दिले गेले.

शेतीच्या कामातही ही पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘लेत्सेमा’ किंवा ‘इलिमा’ म्हणतात. एखाद्याच्या शेतात नांगरणी वा खुरपणी अडली की गावकरी एका दिवसात ती उरकून देतात. मजुरी घेत नाहीत, शेतधनी सर्वांना पोटभर जेवू घालतो. मराठवाड्यातील शेतकऱ्यास विचारावे, तो म्हणेल, ही तर इर्जिक. व्यापारी घरांना इर्जिकीचा अनुभव नसेल, पण सराफ्यातील वा मोंढ्यातील ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला तिला धान्य वाटून घेण्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. परदेशातून आलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी अजून लोकांच्या बोलण्यात आहे. जेथे शीतगृह नाही, बँक नाही आणि पुढचा पाऊस येईल याची शाश्वती नाही, तेथे आज उरलेले अन्न साठविण्याची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे शेजाऱ्याचे पोट. ते परत मिळतेच असे नाही; पण कोणतीही ठेव तशीच असते.

आफ्रिकेतील आतिथ्य भाबडे आहे असा मात्र समज करून घेऊ नये. स्वाहिली भाषेत एक म्हण आहे : पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून वागवावे, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या आपल्या ‘उजामा’ या निबंधात तिचा आधार घेतला होता. वाटून खाणे आणि वाटून राबणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच व्यवहाराची दोन अंगे. आपल्याकडील काही लांबलेल्या मुक्कामांच्या संदर्भात ही म्हण अनेक सुनांना पाठ करावीशी वाटेल.

स्वाहिलीचा उल्लेख झालाच आहे तर त्या भाषेतील काही शब्द पाहावेत. दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, धनादेशाला ‘हुंडी’, हिशेबाला ‘हेसाबू’. चहा ‘चाय’ आणि पोळी ‘चपाती’. व्यापाराच्या वाटेने शब्द कसे प्रवास करतात याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली गेली. तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर तिच्यासाठी नेले होते. रेल्वेच्या मागोमाग दुकानदार गेले. त्यांत जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतून निघालेले ओसवाल जैन मोठ्या संख्येने होते. नैरोबी, मोंबासा, थिका येथे त्यांनी पेढ्या, कारखाने, शाळा आणि देरासरे उभारली. मिठाची गोणी, कापडाचे ठाण आणि उधारीची वही घेऊन हे ‘दुकावाला’ अशा आडगावी जाऊन बसले, जेथे रस्ताही नव्हता. केनियाच्या घराघरांत आज सणाला चपाती होते, ती त्यांच्या आणि त्यांच्या सहप्रवाशांच्या स्वयंपाकघरातून गेलेली.

चपाती गेली, पण पंगत गेली नाही. दोन-तीन पिढ्या शेजारी राहून, व्यापार करूनही बहुतेक हिंदी घरांत आफ्रिकी माणूस स्वयंपाकी म्हणून आला, जेवणारा म्हणून क्वचितच आला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या हुकुमाचे कारण राजकारण आणि लोभ हेच होते. तो अन्यायच होता, आणि त्यात होरपळलेली कुटुंबे आजही लंडन-लेस्टरमध्ये भेटतात. तथापि हुकूम निघाला तेव्हा गावोगावचे लोक फारसे हळहळले का नाहीत, असा प्रश्न त्या समाजातील विचारी माणसांनी नंतर स्वतःला विचारला, आणि त्याच्या उत्तरात एकत्र न जेवल्याचा उल्लेख वारंवार येतो. आहाराचे नियम पाळणे आणि माणसाला दारातून परत पाठविणे या दोन गोष्टी भिन्न होत्या. त्यांची गल्लत झाली.

जैन आहारविचार वाटण्याच्या आड येतो काय? श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग आहे. ‘दान’ हा सोपा शब्द उपलब्ध असताना तेथे ‘संविभाग’ हा शब्द योजिला आहे : सम्यक् विभाग, म्हणजे आपल्यासाठी झालेल्या अन्नातील योग्य वाटा. दशवैकालिक सूत्राच्या नवव्या अध्ययनात तर संविभाग न करणाऱ्यास मोक्षाचा अधिकारी मानलेले नाही. त्या व्रताचा मुख्य रोख साधू-साध्वींना आहारदान देण्याकडे आहे हे खरे. पण तेराव्या शतकात भद्रेश्वरच्या जगडूशाह श्रेष्ठीने दुष्काळात आपली धान्यकोठारे उघडली तेव्हा दारात येणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत वात्सल्य गणले आहे, आणि साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीत लक्षाधीश शेठ कमरेला उपरणे बांधून वाढावयास उभा राहतो, हे दृश्य अजून पूर्णतः दुर्मिळ झालेले नाही.

आफ्रिकेची थाळी गोल आहे, आपली पंगत सरळ रेषेत आहे. त्यांच्याकडे सर्वांचे हात एका भांड्यात जातात; आपल्याकडे ताट ज्याचे त्याचे, पण वाढप एकच, आरंभ एकदम आणि उठणे एकदम. तेथे अन्न उरत नाही, कारण कोणाचा वेगळा उरलेला भाग असतच नाही. येथे जुने श्रावक ताट धुऊन ते पाणी पितात, म्हणून उरत नाही. उष्ट्याचा विधिनिषेध सांभाळूनही सामाईक अन्नाची व्यवस्था आपण लावली होती. ती मोडली बुफेने. हातात ताट घेऊन उभ्याने फिरणारा मनुष्य ना वर्तुळात असतो ना रेषेत. पन्नास पदार्थ मांडले की चाळीस चाखले जातात आणि तीस टाकले जातात. यजमानास कोण जेवला, कोण तसाच गेला, हे कळतही नाही. मुलीच्या लग्नात किती पदार्थ होते याची चर्चा गुलमंडीत चार दिवस चालते. वाढले कोणी, असे कोणी विचारीत नाही. आणि मंडपाच्या मागे भांडी घासणाऱ्या बायकांच्या डब्यात मोजके चार जिन्नस तरी पडले काय, हे तर विचारण्याच्याही पलीकडचे.

पैठण गेट ज्या गावाकडे तोंड करून उभे आहे तेथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक आधी गावकुसाबाहेरच्यांना वाढला, ही कथा मराठवाड्यातील पोराबाळांनाही माहीत आहे. नाथषष्ठीच्या उत्सवाची सांगता अजूनही काल्याने होते : दही, लाह्या, ज्याने जे आणले ते एकत्र, आणि मग हातोहात. कोला, काला आणि गुर्शा यांच्यातील अंतर नकाशावर हजारो मैलांचे आहे.

शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आफ्रिकी देशांतील विद्यार्थी अनेक वर्षांपासून येत आहेत. खोली देताना घरमालक आहाराविषयी विचारतो; तसा त्यास अधिकार आहेच. परंतु चार वर्षे या गावी राहून, पदवी घेऊन परत जाणारा एखादा तरुण येथील एकाही घरात न जेवता गेला तर तो परतल्यावर काय सांगेल? त्याच्यासाठी स्वयंपाकघराचे नियम बदलावे लागत नाहीत. वरण-भात, पुरी आणि श्रीखंड यांना कोणत्याही देशात आक्षेप नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचे कारण सांगितले तर वर्षाचे १८० दिवस उपवास करणाऱ्या देशाचा मुलगा ते बहुधा इतरांहून लवकर समजून घेईल. अनेक व्यापारी घरांतील मुले आज नैरोबी, दार-ए-सलाम, आदिस अबाबा येथे औषधांच्या व यंत्रांच्या व्यापारासाठी जातात. तेथे त्यांना कोणी आपल्या थाळीजवळ बोलाविले तर ‘आमच्यात चालत नाही’ एवढे म्हणून उठण्याऐवजी, ‘आज बुधवार आहे ना, मग उपवासाची थाळी मागवा, कांदा नसलेले जे असेल ते मी घेईन’ असे म्हणता येते. यजमान आनंदाने ते मागवितो.

वेरूळच्या जैन लेण्यांकडे सहकुटुंब जाणारी मंडळी खुलताबादवरून जातात. गावाबाहेर, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याच्या परिसराजवळ, मलिक अंबरची कबर एका घुमटाखाली आहे. तेथे बहुधा कोणी थांबत नाही. पुढे लेण्यांजवळच्या झाडाखाली मात्र दशम्या, खाकरे आणि लोणच्याची बरणी बाहेर निघते, शेजारी बसलेल्या अनोळखी कुटुंबाकडे एक खाकरा जातो, तिकडून भडंग येते आणि मग विचारले जाते, तुम्ही कोणत्या गावचे?